फ्लटरचा डायलॉग ओल्या हातात टिकत नाही, काय करावं?

कूलरवाल्याचा पोरगा | २ मार्च, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. बाबांचं सक्करदऱ्यात कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. होळीच्या आसपास गच्चीवरचे, बाल्कनीतले कूलर उघडले जातात आणि तिथून पहिला पाऊस पडेपर्यंत बाबांना फोन खाली ठेवायची फुरसत नसते. ताट्या (कूलरच्या बाजूंना पाण्यानं भिजणाऱ्या जाड जाळ्या) बदला, पंप बदला, मोटरचं वाइंडिंग, गळकी टाकी, सगळं आलं. आजवरचा हिशेब चिठ्ठ्यांवर. पोरं खिशात चिठ्ठी घेऊन निघतात आणि संध्याकाळी तिचा लगदा परत आणतात. घामानं नाहीतर कूलरच्या पाण्यानं. मागच्या उन्हाळ्यात किती पैसे असे बुडाले ते बाबा सांगत नाहीत. आईला माहीत आहे.

म्हणून फ्लटरमध्ये, म्हणजे गूगलच्या ॲप बनवायच्या साधनात, ॲप बनवून राहिलो. दिवसा नोकरी वेगळी आहे, हे रात्रीचं काम. पोरगा घरी काम संपवतो, यादीतल्या त्या नावावर टॅप करतो, डायलॉग (स्क्रीनवर येणारी छोटी खिडकी) उघडतो. ताट्या किती, त्यांचा प्रकार वाळा की घास की हनीकोंब, पंप बदलला का, पैसे किती, ग्राहकाचा नंबर. ओके दाबलं की नोंद. माझ्या टेबलावर मस्त चालत होतं.

काल दोन पोरांच्या हाती दिलं आणि बारा वाजले. पैशाच्या रकान्यावर बोट ठेवलं की कीबोर्ड वर येतो आणि खाली पिवळे-काळे पट्टे दिसतात. 'घास'च्या जागी 'वाळा' निवडला तरी स्क्रीनवर 'घास'च राहतो, डायलॉग बंद करून परत उघडला की मग 'वाळा' दिसतो. हे दोन मी कसेबसे सोडवीनही. पण तिसरं ऐका. पोरगा ताटी ओली करून बसवतो, हात पुसतो न पुसतो, फोन काढतो. बोटावरचा थेंब डायलॉगच्या बाहेर पडला की फोनला वाटतं बोट लागलं. डायलॉग गायब, भरलेलं सगळं गायब. एकानं तीनदा भरलं आणि चौथ्यांदा मला फोन करून तोंडी सांगितलं. म्हणजे चिठ्ठी बरी होती की काय!

मोबाइलवरून मराठी कीबोर्डनं लिहितोय, म्हणून फंक्शनांची नावंही देवनागरीतच लिहीन. समजून घ्या.

---

पुणेरी डार्ट | ३ मार्च, सकाळी ७:१०

तुमच्या तीनपैकी दोन तक्रारींचं मूळ एकच आहे, पट्ट्यांचं वेगळं. डायलॉग हा तुमच्या स्क्रीनचा भाग आहे असं तुम्ही धरून चालला आहात. तो तसा नाही. शोडायलॉग बोलावलं की नेव्हिगेटर एक नवीन रूट तुमच्या स्क्रीनच्या वर ठेवतो, जसं पुढचं पान ठेवावं तसं. खालची स्क्रीन मागे धूसर दिसते इतकंच.

त्यामुळे खालच्या स्क्रीनचं सेटस्टेट (पुन्हा रंगवण्याची सूचना) बोलावून डायलॉग पुन्हा रंगत नाही. तुमचा 'वाळा' मनात बदलतो पण चेहऱ्यावर दिसत नाही, तो याच कारणानं. झटपट उपाय म्हणजे आतला मजकूर स्टेटफुलबिल्डरमध्ये गुंडाळा आणि त्यानं दिलेलं सेटस्टेट वापरा. नीट उपाय म्हणजे डायलॉगचं स्वतःचं स्टेटफुल विजेट करा, म्हणजे स्वतःची स्थिती सांभाळणारा स्क्रीनचा तुकडा. पाच रकाने असतील तर दुसराच करा, पहिल्याची पुढे लाज वाटते.

पट्टे म्हणजे मजकूर मावत नसल्याची खूण, त्यांचं सोपं आहे. अलर्टडायलॉग कीबोर्ड आल्यावर स्वतःहून आक्रसतो, पण तुमचा कॉलम, म्हणजे रकान्यांची उभी मांडणी, आक्रसत नाही. अलर्टडायलॉगला स्क्रोलेबल नावाचा गुणधर्म आहे, तो ट्रू करा. शीर्षक आणि मजकूर सरकू लागतात, खालची बटणं जागेवर राहतात.

आता थेंब. बॅरियरडिसमिसिबल फॉल्स करा, बाहेरच्या स्पर्शानं बंद होणं थांबेल. पण अँड्रॉइडचं बॅक तरीही बंद करेल, आणि कडेवरून सरकवून मागे जाण्याचा इशारा ओल्या बोटानं नकळत होतोच. त्यासाठी पॉपस्कोप घाला, कॅनपॉप फॉल्स. त्याच्या कॉलबॅकमध्ये (मागे जाताना बोलावलं जाणारं फंक्शन) 'भरलेलं सोडून द्यायचं का?' विचारा, तेही काही भरलं असेल तरच. रिकाम्या डायलॉगला अडवून धरू नका. जुने लेख विलपॉपस्कोप सांगतील. तो मोडीत निघाला आहे, कारण मागे जाता येईल की नाही हे नव्या अँड्रॉइडला आधीच माहीत असावं लागतं.

कॉलबॅकमध्ये एक खड्डा आहे. तुम्ही स्वतः नेव्हिगेटर पॉप केलंत, म्हणजे वरचं पान काढलंत, तरी तो कॉलबॅक येतोच, फक्त डिडपॉप ट्रू घेऊन. ते पहिल्या ओळीत तपासून परत फिरा. नाहीतर नोंद जतन करून बाहेर पडतानाही 'सोडून द्यायचं का?' विचारत बसाल.

---

तर्रीपोहे | ३ मार्च, सकाळी ९:४०

भाऊ, पुणेकरांनी सगळंच सांगून टाकलं, माझ्यासाठी एकच उरलं. ओल्या स्क्रीनवर एक टॅप दोनदा लागते. तुझं ओके दोनदा दाबलं जाईन, पॉप दोनदा होईन. पहिल्यानं डायलॉग जाईन, दुसऱ्यानं खालची यादी जाईन. आणि यादी हीच पहिली स्क्रीन असन तर उरते निव्वळ काळी स्क्रीन. पोरगा फोन करन, "दादा, ॲप मेलं."

पहिल्या टॅपलाच बटण बंद करून टाक. एक झेंडा ठेव, 'जतन सुरू', तो वर असला की बटणाच्या ऑनप्रेस्डला नल (काहीच नाही) दे. सर्व्हरवर पाठवत असशील तर तिथंही नोंदीला आधीच एक ओळखक्रमांक देऊन ठेव, म्हणजे तीच नोंद दोनदा गेली तरी एकच राहीन. माझ्याकडं एका ग्राहकाला एका पाइपाची दोन बिलं गेली होती. पाइप बारा रुपयांचा, भांडण बाराशेचं.

---

कूलरवाल्याचा पोरगा | ३ मार्च, रात्री १०:३०

काळी स्क्रीन! काल एकानं मला हेच सांगितलं आणि मी त्यालाच म्हटलं, फोन बंद करून चालू कर. त्या बिचाऱ्याची माफी मागतो.

पट्टे गेले, वाळा दिसायला लागला. स्टेटफुलबिल्डरनंच केलं, हो, माहीत आहे, लाज वाटेल. पण आता नवीन भानगड. रकान्यांतला मजकूर सांभाळणारे टेक्स्टएडिटिंगकंट्रोलर शोडायलॉगच्या आधी बनवतो, अवेट करतो (डायलॉगच्या उत्तराची वाट पाहतो), डायलॉग बंद झाला की पुढच्याच ओळीत डिस्पोज करतो, म्हणजे मोडीत काढतो. कुठंतरी वाचलं होतं की डिस्पोज केलंच पाहिजे. तर बंद होताना अर्धा सेकंद लाल स्क्रीन चमकते, म्हणते डिस्पोज केलेला कंट्रोलर वापरला. डायलॉग तर बंद झाला नं, मग वापरतंय कोण?

---

वऱ्हाडाची लेक | ४ मार्च, दुपारी १:१५

डायलॉगच वापरून राहिला, दादा. पॉप म्हटल्याबरोबर तुमचा अवेट सुटते, पण डायलॉग विरघळत जायचं ॲनिमेशन त्याच्यापुढं चालू असते. तेवढ्या वेळात तो रकाना पुन्हा रंगते आणि कंट्रोलर मागते. तुम्ही तर त्याले मारून मोकळे झाले.

म्हणूनच पुण्याचे भाऊ म्हणत होते, स्वतःचं विजेट करा. कंट्रोलर त्याच्या स्टेटमध्ये ठेवा, डिस्पोजही तिथंच. ॲनिमेशन संपून विजेट खरंच उतरलं की फ्लटर स्वतःच डिस्पोज बोलावते. तुमच्या स्क्रीनकडं एवढंच राहते की डायलॉग दाखवा, उत्तराची वाट पहा. उत्तर नल आलं तर माणूस न भरता निघून गेला. आणि उत्तरात पैसे शून्य आले तर ते शून्यच समजायचे. या दोघांची सरमिसळ करू नका, हिशेबात नल आणि शून्य एक झाले की दिवाळं निघते. अवेटच्या पुढं स्नॅकबार (खाली क्षणभर दिसणारी सूचना) दाखवत असाल तर आधी कॉन्टेक्स्ट माउंटेड आहे का, म्हणजे ती स्क्रीन अजून आहे का, ते पहा.

आता तुम्ही न विचारलेलं सांगते. तुमची पोरं मराठी कीबोर्ड वापरतात का?

---

कूलरवाल्याचा पोरगा | ४ मार्च, दुपारी १:४०

एक वापरतो. त्याच्याच पैशाच्या रकान्यात काही टाइप होत नाही म्हणून राहिला. मला वाटलं हात ओले आहेत.

---

वऱ्हाडाची लेक | ४ मार्च, दुपारी २:०५

तेच म्हटलं! हात नाई, अंक.

तुम्ही रकान्याले फिल्टरिंगटेक्स्टइनपुटफॉर्मॅटरचं (टाइप झालेलं गाळणारा) डिजिट्सओन्ली लावलं असन. त्याच्या लेखी अंक म्हणजे फक्त इंग्रजी शून्य ते नऊ. देवनागरी ४५० टाकले की तो तिन्ही गाळून टाकते, रकाना कोराच. फॉर्मॅटर काढून टाकला तर ४५० दिसतात, पण मग डार्टचं (फ्लटरची भाषा) इंट ट्रायपार्स, मजकुराचा आकडा करणारं, त्याले नल म्हणते. अँड्रॉइडच्या जावामध्ये पार्सइंट देवनागरी अंक बिनतक्रार घेते, म्हणून तिकडून आलेल्याले हे कधी जाणवत नाई. आणि कीबोर्डचा प्रकार 'नंबर' दिला म्हणून निश्चिंत राहू नका. ती कीबोर्डले केलेली विनंती आहे, बंधन नाई. कोनी दुसरीकडून आकडा चिकटवला तर तो जसाच्या तसा येते.

उपाय अर्ध्या तासाचा. स्वतःचा फॉर्मॅटर लिहा. युनिकोडमध्ये देवनागरी शून्य ते नऊ हे २४०६ ते २४१५ या क्रमांकांवर आहेत, इंग्रजी शून्य ते नऊ ४८ ते ५७ वर. म्हणजे प्रत्येकातून २३५८ वजा केले की झालं. एका अंकाच्या जागी एकच अंक येते, लांबी बदलत नाई, त्यामुळं कर्सर हालवायची कटकट नाई. हे आधी, डिजिट्सओन्ली नंतर, दोन्ही त्याच क्रमानं यादीत.

फोन नंबर मात्र अंक असला तरी इंटमध्ये ठेवू नका, मजकूर म्हणूनच ठेवा. एखादा पुढं शून्य लावून लिहिते, ते शून्य इंट खाऊन टाकते.

---

जुना जावावाला | ४ मार्च, रात्री ९:२०

तुम्ही सुखी लोक आहात. आमच्या वेळी अलर्टडायलॉगच्या बिल्डरला सेटव्ह्यू करून रकाने द्यायचे, आणि 'ओके'च्या लिसनरमध्ये तपासणी लिहायची. तपासणी म्हणे चूक आहे, तोवर डायलॉग बंद झालेला. ओके दाबलं की तो बंद होणारच, तुमच्या लिसनरला कोणी विचारत नाही. मग आधी शो म्हणायचं आणि त्यानंतर गेटबटननं ते बटण हातात घेऊन त्याला आपला लिसनर नव्यानं चिकटवायचा. ही युक्ती ज्यांनी शोधली त्यांचे आभार. फोन आडवा केला की डायलॉग उडायचा आणि लॉगमध्ये खिडकी गळल्याची ओरड. २०११ साली अँड्रॉइड ३ बरोबर डायलॉगफ्रॅगमेंट आला तेव्हा कुठे श्वास घेतला.

फ्लटरमध्ये तपासणी फॉर्म आणि व्हॅलिडेट यांनी करा, ओके झालं तरच पॉप. आणि चुकीची लाल ओळ आली की डायलॉगची उंची बदलते, बटण बोटाखालून सरकतं. प्रत्येक रकान्याच्या हेल्परटेक्स्टला (रकान्याखालची मदतीची ओळ) नुसती एक मोकळी जागा द्या, ओळीची जागा आधीच राखली जाते. एवढं बोलून म्हातारा बसतो.

---

रेघोट्या | ५ मार्च, सकाळी ११:००

मी कोड लिहीत नाही, स्क्रीन काढते. धरमपेठेतून. धागा काल रात्री वाचला आणि झोप उडाली, कारण डायलॉग बंद कसा होऊ नये यावर एवढी चर्चा झाली, तो उघडावा का यावर एक ओळ नाही.

दादा, डायलॉगचा फोटो टाकता का? सगळ्या डायलॉगचे.

---

कूलरवाल्याचा पोरगा | ५ मार्च, दुपारी १२:२०

टाकले, ताई. पहिला नोंदीचा. दुसरा काम रद्द करायचा, म्हणजे पोरगा पोहोचला आणि घराला कुलूप असलं तर.

---

रेघोट्या | ५ मार्च, दुपारी १२:५०

दुसऱ्या फोटोवर मी ऑफिसात मोठ्यानं हसले, माफ करा. डायलॉग विचारतो, "हे काम रद्द करायचं?" आणि खाली दोन बटणं आहेत, 'रद्द करा' आणि 'ठीक आहे'.

घराला कुलूप असलेला पोरगा काय दाबेल? 'रद्द करा'. चुकून इथे आलेला, ज्याला रद्द करायचं नाही, तो काय दाबेल? तोही 'रद्द करा', कारण त्याला हा डायलॉग रद्द करायचा आहे. इंग्रजी 'कॅन्सल'चं भाषांतर उचलून ठेवलं की हे होतं. बटणावर विचारलेल्या गोष्टीचंच क्रियापद हवं. 'काम रद्द' आणि 'काम राहू द्या'. प्रश्न न वाचता नुसती बटणं वाचली तरी कळलं पाहिजे, कारण उन्हात उभा माणूस प्रश्न वाचतच नाही.

---

कूलरवाल्याचा पोरगा | ५ मार्च, दुपारी १:१०

आता कळलं मागच्या दोन दिवसांत सात कामं रद्द कशी झाली. बाबा पोरांवर ओरडले होते. आज मी ओरडा खाईन.

---

रेघोट्या | ५ मार्च, दुपारी ३:३०

आता पहिला. पाच रकाने. प्रत्येकाला एकच विचारा: हे त्या पोरालाच माहीत आहे का?

ग्राहकाचा नंबर? फोन आला तेव्हाच बाबांकडे आला होता. काढा. वाळा की घास? मागच्या वर्षी त्या घरी जे लावलं तेच बहुतेक वेळा पुन्हा लागतं, ते आधीच निवडून ठेवा. ताट्या? कूलरला तीन बाजूंना तीन. म्हणजे तीन भरूनच द्या, कमी असतील तर वजाचं बटण. आणि ताटीच्या प्रकारासाठी यादी उलगडून निवडायची काय गरज, तीन प्रकारांच्या तीन गोळ्या (गोल बटणं) समोर मांडा, एक दाबा. पंप बदलला का, हो-नाही. पैसे? ताट्या आणि पंपाचे दर बाबांनी ठरवलेले आहेत ना, मग बेरीज ॲपला येते. पोराला फक्त ग्राहकानं घासाघीस करून किती कमी केले ते सांगायचं आहे.

बघा, कीबोर्ड एकदाच लागतो, तोही कधीकधी. बोटासाठी किमान अठ्ठेचाळीस डीपीची (स्क्रीनवरचं माप) जागा हा मटेरियलचा, म्हणजे गूगलच्या डिझाइन-संहितेचा, नियम आहे, ओल्या बोटाला मी छप्पन देईन. आणि बंद बटणाचा तो फिकट राखाडी रंग घरात छान दिसतो, मे महिन्यात गच्चीवर दिसत नाही.

हे एवढं डायलॉगमध्ये बसवू नका. डायलॉग एका प्रश्नासाठी. हे पान आहे, पान करा.

---

पुणेरी डार्ट | ५ मार्च, सायंकाळी ५:४५

रकाने कमी करण्याबद्दल हात जोडतो. पण पानच कशाला? खालून वर येणारी बॉटमशीट ठेवा, अंगठ्याच्या टप्प्यात राहते. फक्त लक्षात ठेवा, ती अलर्टडायलॉगसारखी कीबोर्डपासून स्वतःला वाचवत नाही. इजस्क्रोलकंट्रोल्ड ट्रू करा आणि खालून व्ह्यूइनसेट्सएवढं (कीबोर्डनं व्यापलेली उंची) पॅडिंग द्या, नाहीतर रकाना कीबोर्डखाली.

---

रेघोट्या | ५ मार्च, सायंकाळी ६:१०

बॉटमशीट खाली ओढली की बंद होते. ओल्या हातांचं म्हणत होतो ना आपण?

---

पुणेरी डार्ट | ५ मार्च, सायंकाळी ६:३०

एनेबलड्रॅग फॉल्स करता येतं. पण ठीक, मुद्दा पोचला. बाहेर टॅप बंद, ओढणं बंद, बॅक बंद, इतकी कुलपं लावायची तर घर तरी कशाला.

मग मटेरियलपेजरूट वापरा आणि फुलस्क्रीनडायलॉग ट्रू द्या. वर बाणाऐवजी फुली येते, म्हणजे 'हे मधलंच काम आहे' हे दिसतं. बाकी तुमचा कोड जवळपास तसाच राहतो. पुश अवेट करायचं, पॉपमधून उत्तर घ्यायचं, नल आलं तर सोडून दिलं. डायलॉग हाही रूट आणि पान हाही रूट, म्हणूनच पहिल्या दिवशी ते सांगितलं होतं.

---

कूलरवाल्याचा पोरगा | १९ एप्रिल, रात्री ११:२०

धागा वर काढतोय. मधे सीझननं उसंत दिली नाही, शनिवार-रविवारी मीही स्क्रूड्रायव्हर घेऊन फिरून राहिलो. नंदनवनात एका तिसऱ्या मजल्यावर कूलरची टाकी डोक्यावर घेऊन जिना चढलो, तेव्हा समजलं की ॲपमधला एकेक टॅप किती महाग असतो.

पान केलं. तीन गोळ्या, वजाचं बटण, आपोआप बेरीज. पोरं आता विचारत नाहीत, म्हणजे चालून राहिलं. मराठी अंकांचा फॉर्मॅटर बसवला, त्या पोरानं पहिल्याच दिवशी ६५० टाकून मला फोटो पाठवला.

पण बाबांच्या आग्रहावरून कूलरचा फोटो घ्यायचं बटण दिलं, म्हणजे नंतर 'जाळी तुमच्या पोरानं तोडली' म्हणणाऱ्याला दाखवता येईल. तर एका पोराच्या फोनवर कॅमेरा उघडून परत आलं की ॲप पहिल्यापासून सुरू होतं. भरलेलं गेलं, फोटोही गेला. माझ्या फोनवर कधीच होत नाही. त्याचा फोन दोन जीबीचा.

---

जुना जावावाला | २० एप्रिल, सकाळी ६:५०

कॅमेरा पुढे आला, स्मृती कमी पडली, अँड्रॉइडनं मागच्या ॲपचा गळा दाबला. यात तुमचा दोष नाही, पण जबाबदारी तुमचीच.

तुमच्या फोनवर हे हवं तेव्हा घडवून आणा. डेव्हलपर पर्यायांमध्ये 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' नावाचं खटकं आहे, ते चालू करा. ॲपबाहेर गेलात की ॲक्टिव्हिटी मारली जाते. आठवडाभर चालू ठेवून काम करा, स्वतःच्या ॲपचा खरा चेहरा दिसतो.

---

वऱ्हाडाची लेक | २० एप्रिल, सकाळी १०:३०

फोटोचं औषध इमेजपिकरमध्येच (फोटो घ्यायचं फ्लटरचं पॅकेज) आहे, दादा. ॲप सुरू झाल्याबरोबर रिट्रीव्हलॉस्टडेटा बोलावा. मधेच मेलेल्या ॲपचा काढलेला फोटो तिथं सांभाळून ठेवलेला असते. कोनी वाचत नाई ते, पण दस्तऐवजात लिहिलेलं आहे.

रकान्यांसाठी फ्लटरची रिस्टोरेशनची (मेलेल्या ॲपची स्थिती परत आणायची) सोय आहे, पण तुमच्याकडं गोष्टी चारच. सरळ मसुदा ठेवा. कोणतंही बटण दाबलं, अंक बदलला, की त्या कामाच्या क्रमांकावर फोनमध्येच लिहून टाका. पान उघडताना मसुदा असन तर त्यातून भरा, नोंद झाली की मसुदा पुसा. आणि मग गंमत पहा, ते 'भरलेलं सोडून द्यायचं का?' विचारायचंच कारण उरत नाई. बंद झालं तर झालं, परत उघडल्यावर सगळं जागेवर. पॉपस्कोपही काढून टाका.

---

पुणेरी डार्ट | २० एप्रिल, सकाळी ११:१५

मार्चमध्ये मी पॉपस्कोपवर पाऊणशे शब्द खर्च केले होते. ताईंनी एका ओळीत काढून टाकले. बरोबर आहे.

---

तर्रीपोहे | २० एप्रिल, दुपारी १२:००

पुणेकर 'बरोबर आहे' म्हणाले. कोनी तरी स्क्रीनशॉट काढा.

---

कूलरवाल्याचा पोरगा | २७ मे, रात्री १२:१०

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, सुरू आहे. दुपारी बाराच्या पुढं पोरांना बाहेर पाठवत नाही, सकाळी सहाला निघतात आणि संध्याकाळी पुन्हा. उन्हात फोन इतका तापतो की स्वतःहूनच स्क्रीन मंद करून घेतो, रेघोट्याताईंचे मोठे काळे अक्षर नसते तर काही दिसलं नसतं.

मसुदा बसवला, पॉपस्कोप काढला. त्या दोन जीबीवाल्या पोराचा कॅमेरा आजही ॲप मारतो, पण तो परत उघडून पुढं भरतो. त्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

सगळ्या ॲपमध्ये आता दोनच डायलॉग उरले. एक 'काम रद्द' आणि 'काम राहू द्या'. दुसरा पैशाचा, एकच रकाना, बेरीज आधीच भरलेली. बदलायची नसेल तर सरळ 'पैसे मिळाले'. बाबांनी पहिल्यांदाच फोन हातात घेऊन तो पाहिला. चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "आणि ज्यानं दिलेच नाहीत त्याचं काय दाबायचं?"

उधारी! चिठ्ठीवर बाबा कोपऱ्यात 'उ' लिहायचे, ते मी विसरूनच गेलो. आता त्याच्यासाठी तिसरा डायलॉग काढू की काय? किती बाकी, कधी देणार, वगैरे?

---

रेघोट्या | २७ मे, सकाळी ८:३०

अजिबात नाही. 'पैसे मिळाले'च्या शेजारी दुसरं बटण, 'उधार'. बाकी ॲपला येतेच, कधी देणार ते ग्राहकालाही माहीत नसतं.

---

कूलरवाल्याचा पोरगा | २७ मे, रात्री ११:४५

टाकलं. बाबांनी स्वतः दाबून पाहिलं. म्हणाले, बटणावर नुसतं 'उ' लिही, पोरांना तेवढं कळतं.